छत्री उघडली की मॅच संपली

मागच्या मे महिन्यात आमच्या तालुक्याच्या ग्राउंडवर माझ्या भाचीची फुटबॉलची मॅच होती, पंधरा वर्षांखालच्या मुलींची. ताई, म्हणजे तिची आई, पहिल्यांदाच बघायला आलेली. दुपारी चारची वेळ, पायऱ्यांवरचा सिमेंटचा कोबा एवढा तापलेला की लोक पेपर नाहीतर टॉवेल घालून बसलेले. छप्पर नाही, पाण्याचा नळ नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील तेवढ्यात घाटाच्या बाजूने काळं भरून आलं आणि वळीव सुरू झाला, तसा पुढच्या रांगेतल्या लोकांनी पटापट छत्र्या उघडल्या आणि मागच्या आम्हा सगळ्यांना दिसायचंच बंद झालं. मग मागचे उभे राहिले, त्यांच्या मागचे पायरीवर टाचा उंचावून उभे राहिले, म्हातारी माणसं तशीच बसून राहिली, त्यांना समोर फक्त लोकांच्या पाठी. पाऊस दहा मिनिटांत गेला. हाफटाइमला ताईने टॉयलेट शोधलं. एक होतं, त्याला कुलूप, चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. ती रिक्षा करून घरी गेली. भाचीने गोल मारला तो सेकंड हाफमध्ये.

रात्री ताई एवढंच म्हणाली, "मी आता येवचंय नाय, माका नाय जमणा." त्या पोरीने नंतर दोन-तीनदा विचारलं, आई तू का नव्हतीस. हे मी विसरू शकत नाही म्हणून हे सगळं लिहितोय.

आपल्याकडे स्टेडियमचा विषय निघाला की पहिला प्रश्न काय असतो? किती हजारांचं? पाच हजारांचं, दहा हजारांचं, "आंतरराष्ट्रीय दर्जाचं". आकडा जेवढा मोठा तेवढी बातमी मोठी. पण माझं म्हणणं असं आहे की कोकणात ग्राउंड बांधताना किंवा आहे ते सुधारताना आधी हे विचारा की आत्ता मॅच बघायला कोण येत नाही आणि का येत नाही. आया येत नाहीत, आजोबा येत नाहीत, लहान पोरं घेऊन कोणी येत नाही, ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत तो येत नाही. ज्यांना ऊन-पाऊस, तास न् तास उभं राहणं आणि झाडामागे जाणं चालतं असे वीस ते चाळीस वयाचे पुरुष तेवढे येतात. मग आपण म्हणतो की प्रेक्षक तेवढाच आहे. मला हे मान्य नाही, जो येऊ शकत नाही तो मोजलाच जात नाही.

आणि जास्त सीट म्हणजे चांगलं स्टेडियम हे जगात इतरांनीही खोटं ठरवलंय. इटलीत तुरीनला १९९० च्या वर्ल्ड कपसाठी देल्ले आल्पी नावाचं स्टेडियम बांधलं, जवळपास ६९ हजार क्षमता, पण मैदानाभोवती धावायचा ट्रॅक, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब, थंडीत उघड्यावर, आणि युव्हेंटससारख्या क्लबच्या मॅचला अर्धं स्टेडियम रिकामं. शेवटी ते पाडलं आणि त्याच जागेवर २०११ मध्ये साधारण ४१ हजारांचं नवीन बांधलं, ट्रॅक नाही, प्रेक्षक एकदम जवळ, आणि तिथे मग तिकीट मिळायची मारामार. आपल्या कोलकात्याचं सॉल्ट लेक बघा. १९९७ च्या फेडरेशन कपात ईस्ट बंगाल–मोहन बागान सेमीफायनलला तिथे सव्वा लाखाच्या वर लोक होते, दाटीवाटीने पायऱ्यांवर. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी सगळीकडे बकेट सीट, म्हणजे एकेकाची पाठ टेकायची खुर्ची, लावल्या आणि क्षमता ६६ हजारांच्या आसपास आली, जवळजवळ निम्मी. त्याने कोलकात्याचं फुटबॉल काही लहान झालं नाही.

आता आपल्या बाजूला या. सिंधुदुर्गातली पोरं मॅच बघायला एकतर घाट चढून कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जातात, पाटाकडील–शिवाजी या तिथल्या संघांची असली काही जोरदार लढत असली तर, नाहीतर ट्रेनने मडगावला उतरून फातोर्ड्याला. १९८९ पासून उभं असलेलं फातोर्ड्याचं स्टेडियम मी अनेक वर्षं बघतोय, लुसोफोनिया गेम्सच्या, म्हणजे पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या स्पर्धांच्या वेळी त्याची मोठी दुरुस्ती झाली, २०१७ च्या त्याच वर्ल्ड कपच्या मॅचेस झाल्या. तिथे बसलं की डोक्यावर छप्पर, पाठीला टेकायला जागा, सीटचा नंबर. गोव्याची आणि आमची हवा एकच, पाऊस एकच, माती एकच. म्हणजे कोकणात हे होत नाही असं कोणी म्हणूच नये. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम पण कोकण किनाऱ्यावरच मोडतं, त्याचं छप्पर असं की मध्ये एकही खांब आड येत नाही, २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल तिथे झाली. पण मी तेवढं मोठं मागतच नाहीये. मला दोन-तीन हजार माणसांचं तालुक्याचं ग्राउंड हवंय जिथे ताई पूर्ण नव्वद मिनिटं बसेल.

सगळ्यात पहिलं छप्पर. हे मी चैन म्हणून सांगत नाही, दिसण्यासाठी सांगतोय. स्टेडियमच्या शास्त्रात एक माप असतं, त्याला सी व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून तुमची नजर मैदानाच्या जवळच्या रेषेपर्यंत जाते. ६० मिलिमीटर म्हणजे कसंबसं, ९० म्हणजे ठीक, १२० म्हणजे मस्त. टोपी घातलेल्या प्रेक्षकाचा विचार करून ते माप वाढवतात सुद्धा. पण छत्रीचा हिशोब कुठल्याच मापात बसत नाही, छत्री डोक्याच्या वर फूटभर आणि दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट पसरते, एक छत्री मागच्या चार जणांची मॅच संपवते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पावसात चिखलात खेळायला तर पोरांना सगळ्यात जास्त आवडतं, म्हणजे इथे उघड्या पायऱ्या बांधणं म्हणजे छत्र्यांसाठी पायऱ्या बांधणं झालं.

छप्पर कुठे घालायचं, पैसे एकाच बाजूचे असतील तर? पश्चिमेला. याला कारण आहे. फुटबॉलचं मैदान साधारण उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे संध्याकाळचं ऊन कुठल्याच गोलकीपरच्या डोळ्यात थेट जात नाही. आमच्या मॅचेस चार ते सहामध्ये होतात, तेव्हा सूर्य समुद्राकडे, म्हणून पश्चिमेच्या गॅलरीत बसलेल्याच्या तो पाठीशी येतो आणि पूर्वेला बसलेला दोन तास कपाळावर हात धरून बसतो. आता कोकणाची गंमत बघा, मान्सूनचा पाऊस पण नैऋत्येकडून, समुद्राकडूनच येतो. म्हणजे पश्चिमेच्या गॅलरीची मागची भिंत एकाच वेळी ऊन पण अडवते आणि जून-जुलैचा तिरका पाऊस पण. जगात बऱ्याच ठिकाणी या दोन गोष्टींसाठी वेगवेगळा विचार करावा लागतो, आपल्याला एकाच भिंतीत मिळतंय.

फक्त एक गोष्ट, ती भिंत छपरापर्यंत पूर्ण बंद करायची नाही. दुपारनंतर खारे वारे समुद्रावरून येतात, तेच आमचे पंखे. भिंत बंद केली की गॅलरीत वारा मरतो, आणि आमच्याकडे नुसता उकाडा नसतो, हवेत दमटपणा एवढा की घाम वाळतच नाही, अंगावर चिकटून राहतो, अशा वेळी सावलीत बसून पण माणूस गळून जातो. म्हणून भिंत आणि छपराच्या मध्ये तीन-चार फूट जागा ठेवायची आणि तिथे तिरक्या पट्ट्या लावायच्या, वारा येईल पण सर थेट आत येणार नाही. आमच्या जुन्या घरांच्या माडीला अशा फळ्यांच्या खिडक्या असायच्या, आजोबांच्या पिढीला हे सगळं माहीत होतं. कतारने २०२२ च्या वर्ल्ड कपला स्टेडियममध्ये थंड हवा सोडली, सीटखालून आणि मैदानाच्या कडेने, आणि फक्त माणसं जिथे आहेत तेवढाच थर गार ठेवला. एवढी वीज आपल्याला परवडणारी नाही आणि गरजही नाही, वारा फुकट येतोय त्याला वाट द्या म्हणजे झालं.

वळवाचं मात्र वेगळं. एप्रिल-मेचा वळीव घाटाकडून येतो, म्हणजे पश्चिमेच्या गॅलरीच्या तोंडावर. त्या दिवशी आमचं तेच झालं. त्यासाठी छप्पर पुढे खोल हवं. सर ४५ अंशात तिरकी आली आणि छपराची पुढची कड बसणाऱ्यांपासून पाच मीटर उंच असली, तर कडेच्या आतले पाच मीटर भिजणारच, म्हणजे सहा रांगा गेल्या. छप्पर जेवढं उंच तेवढं ते फोटोत छान दिसतं आणि तेवढेच लोक भिजतात. मला वाटतं आपल्याकडे छप्पर ठेंगणं हवं आणि पहिल्या रांगेच्या दोन-तीन मीटर पुढे गेलेलं हवं, भले मग मागे एक-दोन खांब आले तरी चालतील.

पत्र्याबद्दल बोलायलाच पाहिजे कारण छप्पर म्हटलं की पत्रा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडात आलं तेव्हा मंडणगड-दापोलीपर्यंत घरांचे पत्रे कागदासारखे उडाले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने आमच्या सिंधुदुर्गाला झोडपलं. गॅलरीचं छप्पर घराच्या छपरापेक्षा जास्त धोक्याचं, कारण समोरून उघडं असतं, वारा आत घुसतो आणि बाहेर जायला जागा नसली की खालून वर उचलतो, छत्री उलटी होते ना तसं. लोकांना वाटतं छप्पर खाली पडू नये म्हणून खांब मजबूत हवेत, पण किनाऱ्यावर छप्पर वर जाऊ नये म्हणून पाया जड हवा, आणि पत्र्याची प्रत्येक बोल्ट-वायसर दरवर्षी मे महिन्यात तपासायला हवी. खाऱ्या हवेने साधं लोखंड चार-पाच पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. गॅल्व्हनाइज केलेलं घ्या, सांधे झाकलेले घ्या, आणि बजेटमध्ये रंगाचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा. उद्घाटनाला सगळे येतात, रंगाला कोणी येत नाही. आणि पत्र्याखाली काहीतरी थर हवाच, नाहीतर मे महिन्यात भट्टी आणि जुलैत एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कौलं घातली तर? लहान गॅलरीला मंगलोरी कौलं छान होतात, गार राहतात, एक फुटलं तर एकच बदलायचं, फक्त खाली खांब जास्त लागतात आणि वाऱ्यासाठी कौलं बांधून घ्यावी लागतात. मी असतो तर एका ग्राउंडवर करून बघितलं असतं.

आता दिसण्याचं गणित. तालुक्याच्या क्रीडा संकुलाचा नकाशा आला की त्यात बहुतेक वेळा ४०० मीटरचा ट्रॅक असतो आणि फुटबॉल ट्रॅकच्या पोटात. मी ट्रॅकच्या विरोधात नाही, आमच्या पोरी धावतात पण. पण त्याचा परिणाम समजून घ्या. आठ लेनचा नेहमीच्या मापाचा ट्रॅक आणि आत १०५ बाय ६८ मीटरचं मैदान धरलं तर गोलच्या मागे बसणारा गोललाइनपासून साधारण ३६ मीटर लांब जातो आणि बाजूला बसणारा साइडलाइनपासून १२ मीटर. तिप्पट फरक. म्हणजे ट्रॅक असेल तर गोलच्या मागे एकही पायरी बांधू नका, तिथे खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया, सगळं बाजूला बांधा. तरीपण आपल्याकडे चारही बाजूंनी गोल पायऱ्या काढलेले नकाशे येतात, का तर वरून बघायला स्टेडियमसारखं दिसतं.

बाजूच्या त्या १२ मीटरवर मी कागद-पेन घेऊन हिशोब केला. पायरी ८० सेंटिमीटर रुंद धरली, पहिल्या रांगेतल्या माणसाची नजर मैदानापासून १ मीटर २० सेंटिमीटर उंच धरली, आणि प्रत्येकाला पुढच्याच्या वरून ९० मिलिमीटर मोकळं मिळायला हवं असं ठरवलं. तर खालच्या पायऱ्यांना १८ सेंटिमीटर उंची पुरते पण दहाव्या रांगेपर्यंत ती २१ च्या वर जाते. म्हणजे वर जावं तशी पायरी थोडी थोडी उंच होत गेली पाहिजे, बाजूने बघितलं तर सरळ रेष न दिसता किंचित वाकलेली दिसते. आपल्याकडे मिस्त्री सगळ्या पायऱ्या एकाच साच्यात ओततो, त्याची काय चूक, नकाशातच तसं असतं. आणि मग वरच्या रांगांतले लोक उभे राहतात आणि आपण त्यांना "खाली बसा" म्हणून ओरडतो. तीन-चार सेंटिमीटरचा प्रश्न आहे, सिमेंटची दोन पोती जास्त लागली असती.

पायऱ्यांसाठी उंच सांगाडा उभारायची तर मला कोकणात गरजच दिसत नाही. १९०२ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर लोखंडी सांगाड्यावरच्या लाकडी पायऱ्या मॅच चालू असताना तुटल्या, लोक खालच्या पोकळीत पडले आणि २५ जण गेले. ते ग्राउंड आर्चिबाल्ड लीच नावाच्या माणसाने काढलेलं, त्याला ते आयुष्यभर लागलं असणार, पुढे त्याने ब्रिटनमध्ये कितीतरी ग्राउंड बांधली आणि त्या अपघातानंतर उभं राहायच्या पायऱ्या भरीव मातीच्या बांधावर टाकायची पद्धत रुळली. खाली पोकळीच नाही तर पडणार कुठे. आमच्याकडे तर जमीनच उताराची. कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, आम्ही पिढ्यान् पिढ्या उतारावर पायऱ्या पाडूनच करतो, भातासाठी करतो ते माणसांसाठी करायचं, चिऱ्याचा बांध घालायचा आणि माती भरायची. चिऱ्यावर थेट बसवू नका एवढंच, ओल्या चिऱ्याचा लाल डाग कपड्यावरून जात नाही, वर फळी नाहीतर सीट द्या.

याच्या पुढे जाऊन एक विचार माझ्या डोक्यात खूप वर्षं आहे. पोर्तुगालमध्ये ब्रागा शहरात २००४ च्या युरो कपसाठी एदुआर्दो सोउतो दे मौरा या आर्किटेक्टने जुन्या दगडाच्या खाणीत स्टेडियम बांधलं. फक्त दोन लांब बाजूंना गॅलरी, एका गोलच्या मागे नुसता उभा कडा. फोटो बघितले तेव्हा मला आमच्या बंद पडलेल्या चिरेखाणीच दिसल्या. आमच्याकडे अशा किती खाणी आहेत, चिरा संपला की सोडून दिलेल्या, चौकोनी, सपाट तळाच्या, कडेला आपोआप पायऱ्या पडलेल्या, पावसात पाणी साठून पोरं बुडतात तिथे. त्यातली एखादी, रस्त्याजवळची आणि पुरेशी मोठी, नीट तपासून ग्राउंडसाठी घेता येणार नाही का? पाण्याला बाहेर काढायला खोल चर लागेल, सुटलेल्या कडा काढाव्या लागतील, वर कुंपण लागेल. पण वारा-पावसापासून अर्धा आडोसा फुकट मिळतो. ब्रागाचं आंधळं अनुकरण नको, तीस हजारांच्या त्या स्टेडियमचा खर्च तिथल्या नगरपालिकेला फार जड गेला, ते पण शिकायचं. आणि मी जुन्या खाणीबद्दलच बोलतोय, ग्राउंडच्या नावाखाली नवा सडा, म्हणजे कातळाचं पठार, फोडायला माझा सक्त विरोध आहे, सड्यावरची पावसाळी फुलं आणि कातळशिल्पं पुन्हा येणार नाहीत, ती शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आपल्याला अजून पुरती कळलेली पण नाहीत.

टॉयलेटचं मी थोडक्यात सांगतो कारण त्यात समजण्यासारखं अवघड काही नाही. हाफटाइम पंधरा मिनिटांचा. बाईला एका वेळेला सरासरी तीन मिनिटं धरा, साडी असेल, बरोबर लहान पोर असेल. म्हणजे एका टॉयलेटमध्ये हाफटाइमला पाच जणी. शंभर बायका आल्या आणि त्यातल्या चाळीस जणींना जायचं असेल तर आठ लागतील. आपण बांधतो दोन, पुरुषांना दोन बायकांना दोन, आणि म्हणतो समान दिलं. त्यात पाणी नसतं. दाराला आतून कडी नसते. आणि ते ग्राउंडच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असतं, जिथे एकट्या पोरीने जाऊ नये असंच आपण तिला घरी सांगतो. पुढे आणा, दिव्याखाली आणा, चावी मॅचच्या दिवशी कोणाकडे ते दारावर लिहा. पिण्याच्या पाण्याचे नळ पण त्याच बाजूला नकोत, वेगळे.

व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा असावा लागतो, एक फूट चढायला बारा फूट लांबी, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागेत हे करायचंच आहे, कोणाची मेहरबानी नाही. पण नुसता उतार करून माणूस पहिल्या रांगेच्या पुढे आणून ठेवला की काम झालं असं नाही, गोलच्या वेळी सगळे उभे राहतात आणि त्याला नेमका गोल दिसत नाही. त्याची जागा थोडी उंचावर हवी आणि शेजारी त्याच्या बरोबरच्या माणसाला बसायला खुर्ची हवी.

आता जे मला सगळ्यात जास्त सतावतं ते. बाहेर पडायची वाट. सोय म्हटलं की लोकांना मऊ सीट आठवते, पण ज्या माणसाला बाहेर पडता येत नाही त्याला मऊ सीटचं काय करायचंय. १९८५ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्डला लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षं साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि काही मिनिटांत अख्खा स्टँड गेला, लोक मागच्या दारांकडे धावले तर दारं बंद होती, ५६ माणसं गेली. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरोला जाळीच्या कुंपणात माणसं चेंगरली, ९७ जीव गेले, त्यानंतर लॉर्ड टेलर यांच्या अहवालाने तिथल्या मोठ्या क्लबांची सगळी स्टेडियम बसायच्या जागांची झाली आणि जाळ्या गेल्या. आपल्या कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डनवर मोहन बागान–ईस्ट बंगालच्या मॅचला गॅलरीत मारामारी झाली आणि चेंगराचेंगरीत १६ पोरं गेली. इंडोनेशियात मलांगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये १ ऑक्टोबर २०२२ ला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे पळाले आणि १३५ जण मेले. त्याच वर्षी मार्चमध्ये केरळात मलप्पुरमला सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलच्या मॅचला तात्पुरती बांबूची गॅलरी कोसळून कितीतरी जण जखमी झाले. ती गॅलरी आणि आमच्या फायनलला बांधतात ती गॅलरी यात मला फरक दिसत नाही. सुंभाने बांधलेले बांबू, वर फळ्या, खाली प्लास्टिकच्या पिशव्या आणि चहाचे कप साठलेले, आणि तिथेच कडेला भजीवाल्याचा स्टोव्ह.

इंग्लंडात ग्राउंडच्या सुरक्षेसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका वापरतात, त्यात मॅच संपल्यावर आठ मिनिटांत लोक बाहेरच्या वाटेला लागले पाहिजेत असं धरतात, आणि सपाट वाटेने एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, पायऱ्यांवरून ६६. चार हजार लोक आले तर मिनिटाला ५०० बाहेर पडले पाहिजेत, म्हणजे सगळ्या दारांची मिळून सहा मीटर तरी रुंदी हवी, आणि एक दार काही कारणाने बंद पडलं तरी चालेल म्हणून त्याच्याही पेक्षा जास्त. आमच्या ग्राउंडचं गेट मी पावलांनी मोजलं, जेमतेम तीन मीटर, त्यात एक झडप कायम बंद, त्याच्यापुढे मोटारसायकली लावलेल्या, आणि झडप आत उघडते. गर्दी आतून ढकलत असताना आत उघडणारं दार उघडतच नाही, हे समजायला अहवालाची गरज नाही.

मला माहीत आहे काय म्हणतील. आधी खेळाडूंना धड मैदान नाही, बूट नाहीत, कोच नाही, आणि तू प्रेक्षकाच्या खुर्च्यांचं काय घेऊन बसलास. मला हा मुद्दा खरा वाटतो आणि तरीही अपुरा वाटतो. पोरगी खेळायला कोणाच्या जिवावर राहते? घरच्यांच्या. आईने एकदा मॅच नीट बसून बघितली की दुसऱ्या दिवशी ती पोरीला प्रॅक्टिसला पाठवताना कुरकुरत नाही, हे मी दोन-तीन घरांत बघितलंय. शिवाय तिकीट लावायचं तर माणसाला बसायला जागा द्यावी लागते, आणि तिकिटाचे पैसे आले तर कोचचा पगार निघतो. दुसरं म्हणतील की कोकणात क्रिकेट चालतं, फुटबॉलला कोण येतंय. अहो, गॅलरी काय फुटबॉलसाठीच असते का, तिथेच कबड्डी होईल, शाळेचं संमेलन होईल, मे महिन्यात दशावतार लागेल. दशावताराला देवळासमोर रात्रभर बायका, म्हातारी माणसं, झोपलेली पोरं सगळी असतात, कारण तिथे चटई अंथरलेली असते, उजेड असतो, मांडव असतो, ओळखीची माणसं असतात. प्रेक्षकाला कसं बसवायचं हे आमच्या गावाला चांगलं ठाऊक आहे. ग्राउंड बांधताना मात्र ते कोणी विचारतच नाही.

आमच्याकडे या वर्षी डागडुजीसाठी थोडे पैसे येतील असं ऐकतोय. सगळं काही त्यात होणार नाही. मला विचारलं तर नवीन पायऱ्या एकही नको, ऑफिसची इमारत नको, कमान तर नकोच नको. आधी टॉयलेट आणि पाणी. मग पश्चिमेच्या आहे त्या पायऱ्यांवर छप्पर, अर्ध्याच लांबीला झालं तरी चालेल पण खोल आणि घट्ट. मग मॅचच्या दिवशी शेवटच्या गाडीची वेळ बघून किकऑफ, म्हणजे लांबच्या वाडीवरची माणसं घरी पोचतील, याला तर पैसे पण लागत नाहीत, फक्त एसटीचं वेळापत्रक समोर ठेवावं लागतं. आणि ह्या सगळ्याच्याही आधी, निविदा-बिविदा काही निघायच्या आधी, ते गेट बाहेर उघडणारं करून घ्या आणि दुसरी झडप सोडवा. त्याला एक वेल्डर लागतो आणि एक दिवस.